दोरीवरची एरियल

आमचे वडील भायखळ्याच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची एरियल ताणून रोज रात्री लंडनच्या बातम्या ऐकत. लंडनमध्ये राहावयास आल्यावर आम्हांस उलट इच्छा झाली : इथे बसून तिकडचा आवाज ऐकावा, आणि तोही फोनवर नव्हे, आपण बांधलेल्या तारेवर. म्हणून आम्ही हौशी रेडिओचा, अर्थात हॅम रेडिओचा, परवाना काढला. घर मात्र भाड्याचे. बाग सात पावलांची. छपरावर खांब तर दूरच, भिंतीला खिळाही ठोकावयाचा नाही, असे घरमालकाने बजावलेले.

2014 च्या ऑक्टोबरात, 25 व 26 तारखांस, जागतिक हॅम स्पर्धा होती. ती 48 तास चालते. पैकी पहिले सतरा-अठरा तास शब्बाथात गेले. शनवार तेल्यांच्या घाण्याला जी सुट्टी, तीच आमच्या सेटला. तारे दिसल्यावर आम्ही बॅटरी घेऊन बागेत उतरलो.

एरियलचे गणित सोपे आहे. 143 ला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागले की लांबी मीटरांत मिळते. 28.5 मेगाहर्ट्झला ती सुमारे 5 मीटर. जुन्या स्पीकरची जोडवायर घेऊन तिचे दोन पदर अडीच-अडीच मीटर उकलले, एक डावीकडे व एक उजवीकडे ताणला, आणि न उकललेला भाग खिडकीतून सेटपर्यंत आणला. मधला भाग उंच धरावा म्हणून गळाची काठी विकत आणली होती. ती निघाली कार्बनची, आणि कार्बनमधून वीज वाहते. सारा मेळ बिघडला. नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्यांच्या वंशजास गळाच्या काठीची पारख नसावी, याचे आमच्या सौ.ला फार हसू आले. अखेर कपडे वाळत घालण्याच्या नायलॉनच्या दोरीलाच वायर लाकडी चिमट्यांनी अडकवली.

मार्कोनीची आठवण काढून धीर धरला. 12 डिसेंबर 1901 रोजी न्यूफाउंडलंडच्या टेकडीवर त्याने कॉर्नवॉलहून निघालेली खूण ऐकल्याचे सांगितले, ती पतंगाला टांगलेल्या तारेवर. आदल्या दिवशी त्याचा फुगा वाऱ्याने नेला होता. आणि कॉर्नवॉलमधील वीस खांबांची एरियल सप्टेंबरातच वादळात कोसळल्यामुळे तिकडेही दोन खांबांवर निभावणे चालले होते.

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास ‘व्हिक्टर युनिफॉर्म’ ही भारताची खूण कानी पडली. त्या गृहस्थांना गाठण्यासाठी अर्धा युरोप ओरडत होता, आणि आमच्यापाशी शक्ती अवघी 10 वॅटची. हाका मारून घसा बसला. अकराला चार-पाच मिनिटे असताना सारेच एकाएकी थांबले. भारत नाही, युरोपही नाही. आमचीच वायर तुटली असे समजून आम्ही दोरी उतरविली, सांध्यांना पुन्हा डाख दिला, चिमटे बदलले. तासभर गेला. दोष सूर्याचा होता, हे पुढे वाचनात आले. त्या दिवसांत त्याच्यावर गुरूएवढा सौरडाग होता, 1990 नंतरचा सर्वांत मोठा. 10 वाजून 56 मिनिटांच्या सुमारास त्यातून भडकलेल्या ज्वालेच्या क्ष-किरणांनी आयनांबराचा खालचा थर असा भारला की लघुलहरी तेथेच शोषल्या गेल्या.

साडेबाराला तोच आवाज पुन्हा आला. मुंबईत तेव्हा सायंकाळचे सहा. सूर्य बुडण्याच्या बेतात. गर्दी ओसरली होती. त्यांनी आमची खूण पहिल्याच हाकेला उचलली. आम्ही म्हणालो, ‘59, 14’. आवाज कितीही क्षीण असो, त्याला 59 गुण द्यावयाचे, हा या स्पर्धेतील सर्वमान्य शिष्टाचार. आणि 14 हा ब्रिटनचा विभाग. पलीकडून आले, ‘59, 22’. 22 म्हणजे भारत.

आपले गाव कोणते, यंदा पाऊस कधी गेला, असे दोन शब्द मराठीत विचारावयाचे आम्ही आठवडाभर योजले होते. पण कोणी इटालियन हाका मारू लागलाच होता. ‘थँक यू’ म्हणून आम्ही बाजूला झालो. ते गृहस्थ मुंबईचे की मद्रासचे, कोण जाणे.

वहीत वेळ लिहिली, 12.31. वर पाहिले तो सौ. ओल्या कपड्यांची बादली घेऊन दारात उभी. ऊन पडले होते, आणि तिला दोरी मोकळी हवी होती.