खेकड्याचे मूळ गाव

परदेशात नवा मराठी माणूस भेटला की पाच मिनिटांत आपण विचारतो, "तुम्ही मूळचे कुठले?" हाच प्रश्न आम्हाला एका दगडाबद्दल विचारला गेला आणि आमची बोलती बंद झाली.

२०११ च्या उन्हाळ्यात आम्ही सिअ‍ॅटलहून बेनब्रिजची फेरी पकडून ऑलिम्पिक द्वीपकल्पावर गेलो होतो. पोर्ट एंजेलिसच्या पुढे ११२ नंबरचा रस्ता हुआन दे फुका सामुद्रधुनीच्या बाजूबाजूने पश्चिमेला जातो. पाण्यापलीकडे धूसर व्हँकुव्हर बेट. ओहोटीला राखाडी चिखलदगड उघडा पडतो आणि त्यातून सुटलेले टणक गोळे वाळूत पडलेले असतात. आमचे चिरंजीव तेव्हा सहा वर्षांचे. त्यांनी नारळाएवढा एक गोळा उचलला, आम्ही डिकीत टाकला. जागा कुणाची, नियम काय, काही विचारलं नाही. पुढे दहा वर्षं तो गॅरेजच्या दाराला टेकू म्हणून राहिला.

२०२१ च्या डिसेंबरात कडाक्याची थंडी पडली आणि तो उकलला. आत चॉकलेटी रंगाची, काटेरी पाठ! आमची सौ. मालवणची. ती लगेच म्हणाली, "अहो, ही तर कुर्ली!"

कुर्लीच, पण कोट्यवधी वर्षं जुनी. खेकडा मरतो किंवा कात टाकतो, ते कवच समुद्रतळाच्या चिखलात रुततं, भोवती चुना साचून चिखलाची कठीण गाठ बनते. पाय आधी गळतात, उरते पाठ. म्हणून जुन्या खेकड्यांची ओळख बहुतेक पाठीवरूनच पटवतात: कुठे फुगवटा, कुठे खाच, किती काटे, डोळ्यांमधली चोच केवढी.

आमची पाठ पुढे निमुळती, नासपतीसारखी, म्हणजे कोळी-खेकड्याची. या जातकुळीतला जपानचा माक्रोकायरा केंफेरी पाय पसरले की ३.७ मीटरपर्यंत भरतो. त्याच्या वंशातला आज तो एकटाच उरलाय, पण त्याचे जुने भाऊबंद आमच्या वॉशिंग्टन राज्यातल्या खडकांत निघाले. एकाला मेरी रॅथबन यांनी १९२६ साली माक्रोकायरा टेग्लांडी असं नाव दिलं. (या बाईंनी मदतनीस नेमता यावा म्हणून १९१४ मध्ये स्मिथसोनियनमधला आपला पगार सोडला आणि पुढे वर्षानुवर्षं बिनपगारी काम केलं!) दुसऱ्याला १९९९ मध्ये श्वाइट्झर आणि फेल्डमन यांनी लाँगिरोस्ट्रा म्हटलं, म्हणजे लांब चोचीचा.

चिरंजीवांच्या डोक्यात आलं, आपला तिसरा असला तर? दगड घेऊन आम्ही म्युझियम गाठलं. तिथल्या बाईंनी भिंगाखाली बराच वेळ पाहिलं. कोळी-खेकडा नक्की, म्हणाल्या, पण चोच तुटलीय. मग विचारलं, "सापडला कुठे? कुठल्या थरात?"

त्या दिवशी आम्ही तीन किनाऱ्यांवर उतरलो होतो.

नवी जात जाहीर करायची तर एक नमुना कायमचा म्युझियममध्ये नंबर घालून ठेवावा लागतो. सगळ्या ज्ञात जातींशी ताडून फरक मांडावे लागतात, आणि जागा व थर सांगावा लागतो, कारण वय त्यावरून ठरतं. ऑफिसात ड्रॉइंग नंबर नसलेला पार्ट आम्ही कधी हातात धरत नाही, आणि घरी हे असं! चिरंजीव परतताना गाडीत एक शब्द बोलले नाहीत.

२०२२ च्या जूनमध्ये जुना फोटो घेऊन परत गेलो. उन्हाळ्यात मोठ्या ओहोट्या दिवसा येतात, ते बरं. राष्ट्रीय उद्यानात आणि आदिवासी जमातींच्या जागेत दगड उचलायला बंदी आहे, म्हणून खासगी किनाऱ्याच्या मालकाला आधी फोन केला. फोटोतला सुळका जुळला. थर मात्र सांगता येईना. सुटा गोळा, लाटांनी कुठून आणला कोण जाणे. चिरंजीवांनी चार नवे गोळे निवडले, प्रत्येकाची जागा नकाशावर टिंब देऊन, तारखेसकट पेन्सिलीने लिहिली. चारही अजून फुटलेले नाहीत.

जुना दगड म्युझियमने शाळेच्या मुलांना हाताळायच्या ट्रेसाठी ठेवून घेतला. गॅरेजच्या दाराला आता लाकडाची पाचर लावतो.