माझ्या धास्तीचं ओझं

मुलीला दमा आहे हे मी नातेवाइकांपासून कित्येक वर्षं लपवलं. 'बाळदमा आहे, वयात आली की जाईल,' एवढंच सांगायचे. लग्नकार्यात तिला धाप लागली की बाजूच्या खोलीत नेऊन, दार लोटून पंप द्यायचे. उद्या हिचं लग्न कसं जमेल, ही चिंता माझी होती. पंप ही लपवायची वस्तू आहे, हे मात्र ती शिकली.

औषधाबाबतही मी चुकले. पंपाची सवय लागते असं ऐकलेलं, म्हणून तिला बरं वाटलं की रोजचा स्टेरॉइडचा पंप बंद करायचे. श्वासनलिकांची सूज आवरतो तोच. त्याचा डोस मायक्रोग्रॅममध्ये, गोळीपेक्षा कितीतरी कमी असतो. डॉक्टरांनी हे समजावलं होतं, मला पटलं नव्हतं. साल्बुटामॉलच्या निळ्या पंपाने नळ्या तेवढ्यापुरत्या मोकळ्या होतात, सूज तशीच राहते. बारा वर्षांवरच्या कुणालाही निव्वळ त्यावर ठेवू नये, असं दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचना 2019 पासून सांगतात. माझी नववीतली मुलगी त्यावरच होती, आणि तोही शाळेच्या बाथरूममध्ये चोरून घेत होती. खो-खो मी आधीच सोडायला लावला होता. दमा आटोक्यात असेल तर खेळता येतं, हे विचारून घ्यायचंही मला सुचलं नाही.

मग एकदा डॉक्टरांनी मला बाहेर बसायला सांगितलं. तोवर तपासणीच्या खोलीत तिच्या वतीने मीच बोलायचे. त्या दिवशी ती स्वतः बोलली, आणि समजलं की परीक्षेआधी तिला लागणारी धाप दर वेळी दम्याची नव्हती. श्वासाचा जोर मोजणाऱ्या पीक फ्लो मीटरवर आकडा नेहमीइतका यायचा, तरी छाती आवळलेली, बोटांना मुंग्या. ती घबराट होती. अर्थात घबराटीतून दमाही उसळू शकतो, म्हणून अंदाजावर न जाता मीटर बघायचा, हे आम्हाला तेव्हा कळलं. दम्याच्या मुलांमध्ये चिंता आणि नैराश्य इतरांपेक्षा जास्त आढळतं. मी मात्र वर्षानुवर्षं फक्त छातीची घरघर ऐकत होते.

घरी आल्यावर ती म्हणाली, "आई, तू रात्री माझ्या छातीला कान लावतेस ना, तेव्हा मी झोपल्याचं नाटक करते. तू घाबरू नयेस म्हणून."

आता समुपदेशक ताईंकडे ती एकटी जाते. दम्याचा अटॅक आला तर काय करायचं, तो कागद तिने डॉक्टरांकडून स्वतः लिहून घेतलाय आणि वर्गातल्या दोघी मैत्रिणींना दाखवलाय. शाळेतून आल्या आल्या मी अजूनही आधी पंपाचंच विचारते. "आधी दिवस कसा गेला ते विचार," असं ती सुनावते, आणि मी पुन्हा विचारते.