नानीच्या कहाण्या

आमच्या वर्गात एक छोटा संगणक आहे. त्याचे सारे भाग तळहाताएवढ्या एकाच बोर्डावर बसवलेले आहेत. मोबाइलमध्ये असतो तसा 'एआरएम' जातीचा प्रोसेसर त्यात आहे. त्यावर मी 'आर्मबियन' ही लिनक्स प्रणाली बसवली. १९९१ मध्ये लायनस टॉरव्हल्ड्स या हेलसिंकीतील विद्यार्थ्याने लिनक्सची सुरुवात केली. आर्मबियन मात्र अनेक देशांतील माणसे मिळून सांभाळतात. ती सर्वांना मोफत मिळते.

नववीतील एका मुलीने आपल्या नानीच्या कहाण्या या संगणकावर उर्दूत टाइप केल्या. नानी आता हयात नाहीत. एके दिवशी काम चालू असतानाच वीज गेली. या संगणकाची सारी माहिती छोट्या मेमरी कार्डावर असते. लिहिणे अर्धवट राहिले आणि कार्ड बिघडले.

मी नवे कार्ड आणले. तासाभरात आर्मबियन पुन्हा सुरू झाली. कहाण्या मात्र गेल्या. प्रणाली अनेक ठिकाणी जपलेली होती. कहाण्या त्या एकाच कार्डावर होत्या. दुसरी प्रत ठेवायला मीच सांगायला हवे होते. मला त्या मुलीकडे पाहवेना.

ती हळूच म्हणाली, "सर, बऱ्याच कहाण्या मला पाठ आहेत. मी पुन्हा लिहिते."

आता ती एक कहाणी लिहिते आणि वर्गातील मुले ती आपापल्या वहीत उतरवून घेतात. जे अनेकांनी जपलेले असते, ते सहसा हरवत नाही.