कपडा हाती घेताना

लाँड्रीत खरं काम कुठे होतं असं विचारलं, तर बहुतेक लोक मशीनकडे नाहीतर इस्त्रीच्या टेबलाकडे बोट दाखवतात. शिरूर आणि दौंडच्या काउंटरवर कपडे घेण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आणि माझं मत वेगळं आहे. कपडा वाचतो किंवा वाया जातो तो गिऱ्हाइकाच्या हातातून आपल्या हातात येतो त्या दोन-तीन मिनिटांत. तेव्हा नीट पाहिलं, नीट विचारलं आणि कपडा योग्य ढिगात टाकला, की पुढचं काम सरळ होतं. तिथे चुकलं, तर चांगलं मशीन आणि महागडं केमिकल मिळून ती चूक कायमची पक्की करतात.

तालुक्याच्या गावात हे जास्तच खरं. अनेक लहान दुकानांत ड्रायक्लीनचं मशीन नसतं. कपडा इथे घ्यायचा, खूण करायची आणि प्लँटला पाठवायचा. तिथल्या माणसाला ती साडी कोणाची, तिच्यावर काय सांडलं, घरी त्यावर काय काय चोळून झालं, यातलं काहीच ठाऊक नसतं. त्याला दिसते ती आपली चिठ्ठी. म्हणून काउंटरवर कोणालाही बसवणं मला पटत नाही. दुकानातला सर्वांत जाणता माणूस तिथे हवा.

दोन्ही गावांचे कपडे निराळे. दौंड हे रेल्वेचं जंक्शन. तिथे टीसींचे काळे कोट येतात, राज्य राखीव पोलीस दलातल्या जवानांच्या खाकी वर्द्या येतात, कुरकुंभ एमआयडीसीतले कपडे येतात. शिरूरला, म्हणजे जुन्या माणसांच्या घोडनदीला, वकिलांचे कोट, रांजणगावच्या कारखान्यांतले गणवेश आणि कडक खळीचे पांढरे शर्ट-पायजमे. मधल्या पट्ट्यात ऊस. आणि चौफुल्याच्या कलाकेंद्रांमधल्या नऊवारी! जरीची जड साडी नेसून तासन् तास नाचायचं, त्या घामाने कंबरेचा आणि काखेजवळचा भाग अक्षरशः भिजून निघतो. घामातलं मीठ रेशीम कुजवतं, जर काळी पाडतं. अशी साडी आली, की ती गाठोड्यात तशीच ठेवायची नाही, लगेच उलगडून वाऱ्यावर टाकायची. ती त्या कलावंत बाईंच्या पोटापाण्याची वस्तू आहे, कपाटात ठेवायची हौस नाही.

आता उसाचं. आमच्या भागातला सर्वांत फसवा डाग उसाच्या रसाचा. रस सांडतो, वाळतो आणि दिसेनासा होतो. गिऱ्हाईक शपथेवर सांगतं, ‘काही डाग नाही हो, नुसतं ड्रायक्लीन करा.’ ड्रायक्लीनच्या द्रावणात साखर विरघळत नाही, ती धाग्यात तशीच बसून राहते. मग गरम प्रेस लागते, साखर करपते आणि जिथे काहीच नव्हतं तिथे तांबूस ठिपका उठतो. कोल्ड्रिंक, सरबत, चहा, सगळ्यांचं हेच. म्हणून मी विचारताना ‘डाग आहे का’ असं विचारतच नाही. ‘ताई, हे नेसून जेवलात का? रसवंतीवर थांबला होतात का?’ असं विचारतो. मग आठवतं.

या धंद्याचं मूळ इथे आहे. तेल, तूप, ग्रीस, मेण हे द्रावणात जातं; साखर, मीठ, घाम, रक्त हे पाण्यात जातं. रांजणगावच्या कामगाराच्या पँटवरचं मशीनचं तेल ड्रायक्लीनमध्ये सहज निघेल, पण त्याच पँटवरचा सरबताचा थेंब निघणार नाही. रक्ताला गार पाणीच हवं, गरम लावलं की ते धाग्यात शिजतं. हे काउंटरवर ठरलं नाही, तर प्लँटमध्ये ठरवायला कोणी बसलेलं नाही.

हळदीची गंमत सगळ्या बायकांना ठाऊक आहे, तरी दर लग्नसराईत तोच प्रकार. डाग पडला की साबण लावतात आणि पिवळा डाग लालभडक होतो. साबणातल्या क्षारामुळे हळदीचा रंग पालटतो. घाबरू नये, तो पुन्हा पिवळ्यावर आणता येतो, आणि सुती कपड्यावरची उरलीसुरली हळद उन्हात फिकट होते. पण साबण लावलेला असेल तर मला ते कळायला हवं.

बॅटरीचं पाणी त्याहून वाईट. ट्रॅक्टरच्या, गाडीच्या बॅटरीतलं ॲसिड सुती पँटवर उडालं, तर त्या वेळी काहीच दिसत नाही. धागा मात्र आतून मेलेला असतो. पहिल्या धुण्याला तिथे भोकं पडतात आणि दोष लाँड्रीवर येतो. मी अशी पँट दोन्ही हातांनी उजेडाकडे धरून हलकेच ताणून पाहतो. सूत चरचरलं तर गिऱ्हाइकासमोरच सांगतो आणि पावतीवर लिहितो. समोर लिहिलेल्या गोष्टीवर नंतर वाद होत नाही.

तयार कपड्याला लेबल असतं, ते वाचण्याची सवय आपल्याकडे अजून लागलेली नाही. टब म्हणजे धुणं, त्रिकोण म्हणजे ब्लीच, चौकोन म्हणजे वाळवणं, गोल म्हणजे व्यावसायिक सफाई. गोलात पी असेल तर पर्क, म्हणजे परक्लोरोएथिलीन हे ड्रायक्लीनचं द्रावण, चालेल, एफ असेल तर पेट्रोलियम जातीचं हलकं द्रावण वापरायचं, डब्ल्यू असेल तर खास पद्धतीने पाण्यात. इस्त्रीच्या चित्रात एक ठिपका म्हणजे साधारण 110 अंश, दोन म्हणजे 150, तीन म्हणजे 200. पण आमच्याकडे येणाऱ्या पैठणीला, इरकलीला, आजीच्या शालूला कुठलं लेबल? तिथे बोटं आणि नाक. पदराच्या आतला एखादा सुटा धागा, गिऱ्हाइकाला विचारून, जाळून पाहायचा. केस जळल्याचा वास आणि चुरडणारी राख म्हणजे रेशीम. कागदाचा वास म्हणजे सूत. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर. जरही तशीच ओळखावी लागते. चांदीची, तांब्याची आणि प्लॅस्टिकची, तिघींना एकच प्रेस चालत नाही. नव्या इरकलीचा रंग ओल्या पांढऱ्या फडक्याने टिपून पाहिल्याशिवाय मी ती घेतच नाही.

मग खूण. बलुतेदारीच्या काळात परीट सगळ्या गावाचे कपडे एकत्र नेत असे, आणि प्रत्येक घराचा कपडा त्या घरी परत जात असे. त्यासाठी बिब्बा वापरत. बिब्ब्याचा रस सुईने कापडाला लावायचा, वर चुना, की काळी खूण कायमची बसली. भट्टीतही ती जात नसे. प्रत्येक घराची ठिपक्या-रेघांची खूण ठरलेली. पण बिब्बा अंगावर उततो हेही आपल्याला ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या सैनिकांच्या मानेवर, कंबरेवर चट्टे उठू लागले, तेव्हा शोध घेता घेता डॉक्टर या खुणेपर्यंत पोचले आणि 1943 साली अमेरिकेच्या वैद्यकीय नियतकालिकात त्याची नोंद झाली. आज आम्ही न फाटणाऱ्या पट्टीवर पक्क्या शाईने नंबर लिहितो. ती काजात किंवा लेबलात अडकवायची, साडीला फॉलच्या टाक्यात. रेशमाला स्टेपलरची पिन मारणाऱ्याला मी काउंटरवर उभा राहू देणार नाही. थ्री-पीस असेल तर तिन्ही नगांना एकच नंबर, आणि ओढणी, पट्टा, सुटा ब्लाउज यांची पावतीवर वेगळी नोंद. खिसे उलटे करून झटकायचे. एक विसरलेलं बॉलपेन अख्खा लॉट बुडवतं.

निवड करताना नवशिका आधी रंग बघतो. रंग तिसरा. आधी पद्धत: द्रावण, पाणी की नुसती प्रेस. मग कापडाचा जीव: शिफॉन आणि कोट एका लॉटमध्ये फिरवायचे नाहीत. मग रंग. त्यानंतर एक गोष्ट पुस्तकात बघून येत नाही, ती म्हणजे कोण लव सोडतो आणि कोण लव धरतो. सत्काराच्या शाली, घोंगड्या, टॉवेल लव सोडतात. वकिलाचा काळा कोट आणि मखमल ती धरतात. टीसींचा कोट शालींबरोबर धुऊन काढला, तर ब्रश मारता मारता दिवस जातो. टिकल्या, मणी, खडे लावलेले घागरे वेगळेच काढावे लागतात, कारण काही जातींच्या प्लॅस्टिकच्या टिकल्या पर्कमध्ये मऊ पडतात, त्यांचा रंग उतरतो.

या द्रावणांबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. डाग काढायला पूर्वी कार्बन टेट्राक्लोराइड सर्रास वापरत. ओझोनला मारक म्हणून माँट्रियल कराराखाली आपल्या देशात त्याचा तो वापर 2010 च्या सुमारास थांबला. पर्क बहुधा कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था सांगते. डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेने ड्रायक्लीनिंगमधून ते 10 वर्षांत हद्दपार करायचं ठरवलं. पेट्रोलमध्ये कपडे बुडवणं तर सरळ आगीशी खेळ आहे. जे पाण्यात सुरक्षित निघतं ते द्रावणात घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गिऱ्हाईक ‘ड्रायक्लीनच करा’ म्हणालं तरी मी त्याला समजावतो. धंदा थोडा कमी होतो, होऊ दे. ज्या पोरांची उमर त्या वाफेत जाते, ती आमचीच पोरं आहेत.

आता दिवाळीनंतर पैठण्या, शेरवान्या, नव्या साड्या गठ्ठ्याने येतील. त्यावर करंजीचं तूप असेल, चिवड्याचं तेल असेल, लहानग्याने पुसलेला गुलाबजामाचा पाक असेल. माझी वाचकांना एवढीच विनंती: डाग चोळू नका, त्यावर इस्त्री फिरवू नका, कपडा ‘नंतर देऊ’ म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत महिनाभर ठेवू नका. डागापाशी दोऱ्याचा एक सैल टाका घालून आणा, आणि काउंटरवर तीन गोष्टी न लाजता सांगा: कशाचा आहे, कधीचा आहे, घरी त्यावर काय लावलं.