कुसळ

दिवाळीच्या आधीचे पंधरा-वीस दिवस आमच्या कर्जत-खालापूर भागात भातकापणीचे. खळ्यावर झोडणी चाललेली, रस्त्याकडेला पेंढ्याचे भारे. वर माथेरानला पाऊस उघडलेला असतो, लाल माती सुकून तिची धूळ व्हायला लागते आणि पर्यटकांची गर्दी सुरू होते. मी डोळ्यांचा डॉक्टर. मला हे दिवस कळतात ते दवाखान्यात येणाऱ्या डोळ्यांवरून. कुणाच्या डोळ्यात भाताचं कुसळ गेलेलं असतं, कुणाला गवताचं पातं लागलेलं असतं. बहुतेक जण चार दिवसांत बरे होतात. थोड्यांच्या बुबुळावर मात्र बुरशी धरते.

हा आजार शेताचा आहे. १८७९ साली थिओडोर लेबर या जर्मन नेत्रतज्ज्ञाने बुबुळाच्या बुरशीचा पहिला रुग्ण नोंदवला, तोही शेतकरीच होता. मळणी करताना ओटचं तूस त्याच्या डोळ्यात उडालं होतं. बुरशी मातीत, पेंढ्यात, लिदीत, कुजक्या पानांत सगळीकडे असते. धडधाकट माणसाचं शरीर तिला बहुतेक वेळा बाहेरच्या बाहेर थोपवतं. ज्यांच्या शरीराला आम्ही डॉक्टरांनीच औषधं देऊन थोपवायला मनाई केलेली असते, त्यांच्याबद्दल मला लिहायचं आहे.

काही वर्षांपूर्वी असाच एक रुग्ण आला. माथेरानच्या वाटेवर पर्यटकांना घोड्यावरून नेणारा, चाळिशीतला. दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा थोरल्या बहिणीने स्वतःची एक दिली होती. त्या शस्त्रक्रियेला आठ महिने झाले होते. घोड्यापुढे गवत टाकताना काडी डोळ्याला लागली. त्यानंतर अकरा दिवसांनी तो माझ्यापुढे बसला होता.

"डॉक्टर, दुखत तर काहीच नाही. नुसतं धुकं आल्यागत दिसतंय."

डोळा जेमतेम गुलाबी होता. यंत्राखाली पाहिलं तर बुबुळाच्या मधोमध राखाडी-पांढरा डाग. कडा नीट कापलेली नाही, पिंजलेल्या कापसासारखी विस्कटलेली. शेजारी दोन बारीक ठिपके, आणि आत तळाशी पुवाची पातळ रेघ. एरवी इतक्या जखमेचा माणूस डोळा उघडू शकत नाही, कळवळत येतो. हा शांत बसला होता. मधल्या दिवसांत त्याने औषधाच्या दुकानातून विचारून आणलेले थेंब घातले होते. बाटली पाहिली, त्यात स्टेरॉइड होतं. स्टेरॉइडने लाली उतरली, त्याला बरं वाटलं आणि बुरशीला रान मोकळं मिळालं.

लाली, ठणका, सूज, पाणी येणं, यातलं बरंचसं शरीराच्या स्वतःच्या लढ्यामुळे होतं. परकी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोनसारखी औषधं हा लढाच मंद करतात. म्हणून या माणसांचा डोळा आतून पोखरला जात असला तरी वरून बोंब मारत नाही. पंचवीस वर्षांच्या कामात मला पटलेली गोष्ट ही एकच, आणि ती प्रत्येक घरात पोचायला हवी असं मला वाटतं: प्रत्यारोपण झालेल्या माणसाचा डोळा लाल नाही, म्हणून तो बरा आहे असं समजू नये.

डोळा बधिर करून जखमेच्या कडेचा कण खरवडून काचपट्टीवर घेतला, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला. या द्रावात डोळ्याच्या पेशी विरघळतात, बुरशी विरघळत नाही. थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकाखाली तिचे धागे स्पष्ट दिसले, बांबूच्या पेरांसारखे आडवे पडदे असलेले आणि फांद्या फुटलेले. ही तपासणी अगदी स्वस्त आहे आणि तासाभरात उत्तर देते. तालुक्याच्या प्रत्येक नेत्रविभागात ती झालीच पाहिजे असा माझा आग्रह आहे.

या आजारात सगळंच मातीतून येतं, ते पाहून मी अजूनही थक्क होतो. बुरशी मातीतली. प्रत्यारोपणाचं युग ज्या सायक्लोस्पोरिनने खऱ्या अर्थाने सुरू केलं, ते नॉर्वेतल्या एका पठारावरच्या मातीत सापडलेल्या बुरशीपासून मिळालं. टॅक्रोलिमस जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूतून आलं, १९८४ साली. आणि बुबुळाच्या बुरशीवरचं आमचं मुख्य औषध नॅटामायसिन दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांताच्या मातीतून. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या सहभागातून झालेली मोठी चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात हे जुनं नॅटामायसिन नव्या आणि महाग व्होरिकोनाझोलच्या थेंबांपेक्षा सरस ठरलं.

थेंबांनी भागलं तर ठीक. पोटातून औषध द्यायची वेळ आली की आमची खरी कसोटी लागते. व्होरिकोनाझोलच्या गोळ्यांनी रक्तातलं टॅक्रोलिमस कित्येक पट वाढतं, म्हणून त्याचा डोस सुरुवातीलाच एक-तृतीयांशावर आणावा लागतो आणि पातळी पुनःपुन्हा तपासावी लागते. अँफोटेरिसिन शिरेतून द्यावं तर ते किडनीलाच इजा करतं. एका बाजूला डोळा, दुसऱ्या बाजूला बहिणीने दिलेली किडनी. अशा वेळी नेत्रतज्ज्ञाने एकट्याने निर्णय घेऊ नये. मी पहिल्याच दिवशी त्याच्या किडनीतज्ज्ञांना फोन केला, आणि पुढची प्रत्येक गोष्ट दोघांनी मिळून ठरवली.

नॅटामायसिन दुधासारखं पांढरं असतं, बाटली हलवून घालावं लागतं. पहिले काही दिवस दर तासाला, रात्रीसुद्धा. भाऊबीजेच्या रात्री त्याची बहीण खाटेशेजारी मोबाइलचा गजर लावून बसली होती. गजर वाजला की बाटली हलवायची, पापणी खाली ओढायची, थेंब टाकायचा. जखम भरायला तीन महिने लागले. बुबुळावर फूल राहिलं. त्या डोळ्याने त्याला समोरचा माणूस ओळखू येतो, अक्षर वाचता येत नाही. किडनी मात्र शाबूत राहिली.

काडी लागूनच बुरशी येते असंही नाही. फुप्फुसातली अस्परजिलस किंवा सलाइनच्या नळीवाटे शिरलेली कँडिडा रक्तातून थेट डोळ्याच्या आतल्या पडद्यावर जाऊन बसते. रुग्ण म्हणतो, डोळ्यापुढे जळमटं तरंगतात. बाहेरून डोळा स्वच्छ दिसू शकतो. बाहुली मोठी करून आत पाहिलं तरच पांढरे पुंजके सापडतात. मग डोळ्याच्या आत औषधाचं इंजेक्शन द्यावं लागतं, कधी आतला द्रव शस्त्रक्रियेने काढावा लागतो.

आणि म्युकर, म्हणजे काळ्या बुरशीचा आजार. २०२१ मध्ये महाराष्ट्राने तो जवळून पाहिला. कोविड, अनावर साखर आणि स्टेरॉइड एकत्र आल्यावर काय होतं ते घराघरांत कळलं. प्रत्यारोपणाच्या रुग्णांना हा धोका त्याआधीपासून होता आणि आजही आहे, कारण टॅक्रोलिमस आणि स्टेरॉइडमुळे अनेकांना नव्याने मधुमेह होतो. एका बाजूचा गाल सुजणं, नाकातून काळपट स्राव, पापणी खाली पडणं, एकाचे दोन दिसणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नये. इथे हिशोब तासांचा असतो.

रुग्ण विचारतात, माथेरानला जाऊ का? मी कुणाला घरात कोंडून घ्यायला सांगत नाही. नवं आयुष्य मिळालंय ते जगण्यासाठीच. पण प्रत्यारोपणानंतर पहिले सहा महिने थांबा. नंतर जाल तेव्हा डोळे बाजूनेही झाकणारा चष्मा आणि मास्क लावा. घोडे बांधतात तिथे, लिदीच्या धुळीत रेंगाळू नका. डोळ्यात काही गेलं तर चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा आणि खाली उतरा. माथेरानमध्ये खासगी गाड्या दस्तुरीच्या पुढे जात नाहीत, उतरायला वेळ लागतो, तो आधी धरून चाला. गावी भाताच्या झोडणीला तर या माणसांनी उभंच राहू नये.

तुमच्या घरात कुणाचं प्रत्यारोपण झालं असेल, तर त्यांच्या डोळ्यात दुकानातून विचारून आणलेला एकही थेंब घालू नका. नजर जराशी धूसर झाली तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे न्या. औषधांची यादी बरोबर असू द्या, आणि दारातून आत शिरताच पहिलं वाक्य हेच सांगा: यांचं प्रत्यारोपण झालंय.