जवळचं की लांबचं

सत्तरी ओलांडल्यावर आत्यांचा चष्मा सुटला. आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याच्या आत्या. राहतात कुंभकोणमला, शार्ङ्गपाणीच्या देवळापासून पाच मिनिटांवर, वडिलांच्याच घरात. चष्मा सुटल्याचं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. पंचांगातली बारीक अक्षरंसुद्धा नुसत्या डोळ्यांनी वाचून दाखवत. श्रेय पोन्नांकण्णीच्या पालेभाजीला. त्या भागात ही भाजी डोळ्यांसाठी खातात. मलाही दोन जुड्या बांधून दिल्या होत्या.

खरं कारण पुढे डॉक्टरांनी सांगितलं. डोळ्यातलं भिंग वयानुसार मधोमध घट्ट होत जातं, त्याची शक्ती वाढते आणि माणूस हळूहळू जवळदृष्टीचा होतो. लांबचं पुसट होतं, पण वाचायचा चष्मा लागेनासा होतो. इंग्रजीत याला ‘दुसरी दृष्टी’ म्हणतात. म्हणजे आत्यांना ज्याचा अभिमान होता तो मोतीबिंदूच होता. त्याने आधी त्यांना अक्षरं दिली आणि तीनेक वर्षांत परत काढून घेतली.

त्या वयाच्या सत्याहत्तरीत आहेत. मी तमिळमधून मराठीत अनुवाद करते, म्हणून वर्षातून दोनदा तरी त्यांच्याकडे जाते. कोशात न सापडणारा शब्द त्यांना विचारला की त्या अर्थ सांगत नाहीत, तो शब्द कोण कधी वापरायचं ते सांगतात. शिवाय त्यांच्या वडिलांची एक वही आहे. ते कोर्टात गुमास्ते होते. हिशेब, औषधं, कुणाच्या लग्नात काय वाढलं, भाऊबंदांची भांडणं, असं सगळं मुंगीएवढ्या देवनागरीत लिहिलेलं. भाषा तंजावरची मराठी, म्हणजे १६७६च्या सुमारास व्यंकोजीराजांबरोबर आणि त्यांच्यामागून कावेरीकाठी आलेल्या लोकांची. राज्य १८५५ साली कंपनीने खालसा केलं, बोली घरात राहिली. ती वही आत्या वाचायच्या आणि मी उतरून घ्यायची, असं आमचं चाललं होतं. (त्यांची वाक्यं इथे मी पुण्याच्या वळणावर आणली आहेत. त्यांच्या तोंडची मराठी अशी नाही.)

मागच्या खेपेला त्या वाचेनात. आज डोकं दुखतंय, उद्या बघू, तूच वाच की. घरात मात्र सगळं सुरळीत. कॉफी त्या आवाजावरून ओततात हे मला चौथ्या दिवशी कळलं. टंबलर भरत आला की धारेचा सूर बदलतो. माणसं पावलांवरून ओळखायच्या. त्यांचं बिंग फोडलं ते फूलवालीने. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं की आजींच्या दारातल्या कोलमचे ठिपके गेल्या पोंगलपासून ओळीत पडत नाहीत.

तमिळमध्ये मोतीबिंदूला कण्पुरै म्हणतात. कण् म्हणजे डोळा. पुरै म्हणजे पापुद्रा. पण आत्यांच्या घरात दुधाला लावायच्या विरजणालाही पुरैच म्हणतात, आणि मला वाटतं, जे घडतं त्याच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द हाच. भिंगातली पारदर्शक प्रथिनं एकमेकांना चिकटून गोठतात, दूध विरजावं तशी. विरजलेलं दही पुन्हा दूध होत नाही, म्हणून थेंबांनी मोतीबिंदू जात नाही. इंग्रजी शब्दात धबधबा आहे, अरबीत डोळ्यात उतरणारं पाणी, सुश्रुताकडे लिंगनाश. फक्त आपण त्यात मोती पाहिला. आणि डॉक्टर आत्यांना म्हणाले, “मुत्ति पोच्चु.” भेंडी जून झाली की बाजारात हेच म्हणतात. बोली तमिळमध्ये मुत्तु म्हणजे जून होणं, पिकणं, आणि मुत्तु म्हणजे मोतीही. मी तिथल्या तिथे वहीत टिपून घेतलं. आत्या म्हणाल्या, “माझा डोळा जातोय आणि तुला शब्द मिळतोय.”

त्या तयार का नव्हत्या ते कळायला आठवडा गेला. भीती त्यांच्या आजीच्या ऑपरेशनची होती. साल १९५० नंतरचं, आत्या सात-आठ वर्षांच्या. तेव्हा मोतीबिंदू पूर्ण पिकेपर्यंत, म्हणजे माणूस जवळजवळ आंधळा होईपर्यंत, थांबत. मग अख्खं भिंग बाहेर काढत. आजी डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून कित्येक दिवस उताणी पडून होती. खोकायचं नाही, हसायचं नाही. तिला चमच्याने पेज भरवायचं आणि ती हसणार नाही याची काळजी घ्यायची, हे काम आत्यांकडे. नंतर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा आला. अशा चष्म्यातून सगळं सुमारे पाव पटीने मोठं दिसतं, आणि कडेचं एक कडं पार नाहीसं होतं. आजी भिंतीला धडकायची. नातवंडं घाबरायची, कारण चष्म्यामागचे तिचे डोळेही मोठे दिसत.

तेव्हाही शब्द ‘ऑपरेशन’ होता, आताही ‘ऑपरेशन’च आहे. आत्यांना घाबरवणारी वस्तू केव्हाच बदलली होती. नाव मात्र तेच राहिलं होतं. एरवी मी एका भाषेतलं दुसरीत नेते. या वेळी एकाच शब्दाचा १९५० सालचा अर्थ आजच्या अर्थात आणायचा होता. मी सांगत गेले. लंडनच्या हॅरोल्ड रिडली यांनी १९४९ साली पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात कृत्रिम भिंग बसवलं. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेसारख्या प्लास्टिकचे कण घुसले होते आणि डोळ्याने ते निमूट ठेवून घेतले होते, त्यावरून त्यांना ते सुचलं. १९६७ साली अमेरिकेत केल्मन यांनी दंतवैद्याच्या ध्वनिलहरींच्या हत्यारावरून भिंग आतल्या आत फोडून शोषून घ्यायची युक्ती काढली. “दाताच्या हत्याराने डोळा?” आत्या म्हणाल्या. हे सांगितलं नसतं तरी चाललं असतं.

मदुराईच्या डॉ. वेंकटस्वामींचं मात्र त्यांनी ऐकलं होतं. संधिवाताने बोटं वाकडी झालेला माणूस, त्याच बोटांनी लाखावर डोळे उघडले. १९७६ साली अकरा खाटांवर अरविंद रुग्णालय सुरू केलं. १९९२पासून त्यांच्याच संस्थेत भिंगं बनू लागली आणि किंमत कित्येक पटींनी खाली आली. आत्यांच्या ओळखीतल्या अर्ध्या म्हाताऱ्या बायांच्या डोळ्यांत आज भिंग आहे, ते या हिशेबामुळे. पण मुद्दा पटला तो एका वाक्याने: हसायला बंदी नाही.

तपासणीच्या दिवशी डोळ्याची लांबी मोजली, कोणत्या नंबरचं भिंग बसेल ते काढलं. मग डॉक्टरांनी माझ्याकडे बघून विचारलं, “लांबचं ठेवू ना?” साध्या भिंगाचं अंतर ठरलेलं असतं. नैसर्गिक भिंगासारखं ते जवळ-लांब जुळवून घेत नाही. लांबचं स्वच्छ हवं तर वाचायला चष्मा. जवळचं हवं तर रस्त्यावर चष्मा. बहुतेकांना लांबचंच बसवतात आणि बहुतेकांना कुणी विचारतही नाही. या डॉक्टरांनी विचारलं, पण मला.

मी प्रश्न आत्यांना मराठीत सांगितला. त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “जवळचं.”

संध्याकाळी फोन सुरू झाले. चेन्नईहून भाचा, पुण्याहून माझा नवरा. लांबचं दिसलं नाही तर पायरी चुकेल, उघडं गटार दिसणार नाही, स्कूटर अंगावर येईल. या वयात मांडीचं हाड मोडलं तर संपलंच. यातलं एकही खोटं नव्हतं. जवळचं मागण्यात माझा स्वार्थ आहे, वही अर्धी राहिली आहे, हे कुणी बोललं नाही, पण फोनवरच्या शांततेत ते होतं. आत्यांनी फोन घेतला. म्हणाल्या, “लांबचं काय बघायचंय? देऊळ कुठे आहे ते मला ठाऊक आहे. गटार कुठे आहे तेही. तांदळातला खडा कुठे आहे ते ठाऊक नाही.”

शस्त्रक्रियेला चार दिवस होते. मधल्या एका दिवशी मी चाळीसेक किलोमीटरवरच्या तंजावरला जाऊन आले. सरफोजी महाराज, दुसरे, कारकीर्द १७९८ ते १८३२, यांना नेत्रवैद्यकाचा नाद होता. त्यांच्या काळच्या नेत्ररुग्णांच्या नोंदी इंग्रजीत तपशीलवार लिहिलेल्या आहेत आणि त्या सरस्वती महाल ग्रंथालयात जपल्या आहेत. मोतीबिंदू हाताळायचा, आपल्याकडे सुश्रुतापासून चालत आलेला मार्ग म्हणजे शलाकेने भिंग खाली ढकलायचं. प्रकाश आत यायचा, पण डोळ्याला भिंग उरायचं नाही. अक्षर दिसायचं नाही, माणूस आला एवढं कळायचं. त्या डोळ्यांच्या मालकांना जवळचं की लांबचं हा प्रश्न पडायचा संभवच नव्हता. परतीच्या बसमध्ये मला आत्यांचा हट्ट एकदम चैनीचा वाटला, आणि अशी चैन कुणाची तरी झालीच पाहिजे असंही.

भिंग जून असल्यामुळे डॉक्टरांनी ध्वनिलहरींऐवजी जराशा मोठ्या, पण टाके न लागणाऱ्या छेदातून ते काढलं. पंधरा मिनिटं लागली असतील. आत्या जाग्या होत्या. हिरव्या कापडाखालून त्यांना निळे-गुलाबी रंग सरकताना दिसत होते, ते त्यांनी बाहेर आल्यावर सांगितलं. डॉक्टर “आडाम इरुंग” म्हणत होते, हलू नका. “मी आजीला हेच सांगायची,” आत्या म्हणाल्या आणि पट्टीखाली हसल्या.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. त्यांनी आधी तळहात पाहिला, मग नखं. घरी येऊन एकेक डोळा झाकून भिंत पाहायचा खेळ चालला. जुन्या डोळ्याला भिंत पिवळट, नव्याला पांढरी. जून भिंग निळा रंग अडवतं. दोन वर्षं तपकिरी समजून नेसलेलं एक लुगडं जांभळं निघालं. त्या चिडल्याच. “कुणी सांगितलं नाही.” आम्हाला ते जांभळंच दिसत होतं, सांगणार काय?

थेंबांचं वेळापत्रक मी दारामागे चिकटवलं. पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा, मग उतरतं. डोक्यावरून पाणी नाही, वाकायचं नाही. म्हणजे कोलम नाही. तो फूलवाली काढायची आणि आत्या ओट्यावरून, लांबचा नवा चष्मा लावून, ठिपके मोजायच्या.

सहाव्या आठवड्यात वही उघडली. चष्मा काढून, वही नाकापासून वीतभर धरून. एका पानावर त्या थांबल्या. वडिलांनी हिशेबाच्या कडेला काहीतरी खोडलं होतं. मी ते पान ‘वाचता येत नाही’ अशी खूण करून ठेवलं होतं. आत्यांनी वही उजेडाकडे कलती केली आणि खोडलेल्याखालचं नाव वाचलं. माझ्याकडे पाहिलं. “हे लिहून घेऊ नकोस,” म्हणाल्या आणि पान उलटलं. मी लिहून घेतलं नाही.

आता दुसऱ्या डोळ्याचं ठरतं आहे. भाच्याचा फोन पुन्हा आला. या वेळी आत्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. “तो लांबचा करा,” त्या म्हणाल्या. “एक डोळा माझा, एक तुमचा.” दोन डोळ्यांत एवढा फरक सगळ्यांना सोसत नाही, म्हणून डॉक्टर आधी चष्म्यावर थोडे दिवस प्रयोग करणार आहेत. तारीख पोंगलनंतरची. तोवर वहीची साठ पानं राहिली आहेत.