बुराक

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आपल्या कॉलेजात ‘टाकाऊतून टिकाऊ’ स्पर्धा होती. नोटीस बोर्डावर कागद वाचला आणि डोळ्यांसमोर पहिल्यांदा आले ते आमच्या मागच्या पडवीतले दोन टायर. ट्रकचे. एकावर एक ठेवलेले. त्यांच्यावर आई मे महिन्यात सोलांची सुपं ठेवते, मांजर वर्षभर झोपते आणि आम्ही त्यांना वळसा घालून न्हाणीत जातो. इतकी वर्षं ते तिथे आहेत की पाहुण्यांनाही दिसेनासे झालेत.

त्या दिवशी घरी जाऊन पप्पांना म्हटलं, “ते टायर मला द्या ना, कापून कुंडी करते.” पप्पा जेवत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. एवढंच म्हणाले, “ते उडोवपाचे न्हय.”

म्हणजे टाकायचे नाहीत. विषय संपला.

आमचं घर डिचोली तालुक्यात. खाणीच्या पट्ट्यातल्यांना पुढचं सांगायची गरज नाही, पण म्हापशाच्या मैत्रिणींसाठी सांगते. पप्पांचा स्वतःचा टिपर होता. खाणीवरून खनिज भरायचं, मांडवीच्या काठावरच्या जेटीवर खाली करायचं, तिथून ते बार्जने मुरगावला जायचं. दिवसाला जितक्या खेपा तितके पैसे. रस्ता, झाडं, शाळेचा युनिफॉर्म, सगळं लाल. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा मी पहिलीत होते, त्यामुळे आठवतं ते एवढंच की पप्पा दुपारी घरी असायचे आणि मला त्याचा आनंद व्हायचा. मध्ये खाणी पुन्हा सुरू झाल्या. मार्च २०१८ मध्ये परत थांबल्या, तेव्हा मी सहावीत होते आणि आता दुपारी पप्पा घरी असण्याचा अर्थ मला कळत होता. (खाणींनी कितीतरी शेतांत गाळ भरला, विहिरी आटवल्या, हेही तितकंच खरं. आमच्याच वाड्यावर दोन्ही बाजूंची घरं आहेत, आणि चतुर्थीला ती एकमेकांकडे आरतीला जातात.)

पुढच्या वर्षी ट्रक विकला. मात्र दोन टायर रिमोल्डला द्यायचे म्हणून आधीच काढून ठेवले होते, ते मागे राहिले. खाण सुरू झाली की करून घेऊ, असं म्हणत. आता २०२४ पासून डिचोलीत थोडं काम पुन्हा चालू झालंय, पण आमचा ट्रक नाही. पप्पा शाळेची बस चालवतात.

असो. टायर मिळाले नाहीत म्हणून मी फुटक्या कुंडीवर आले.

डिचोलीची मातीची भांडी गोव्यात प्रसिद्ध आहेत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातही मडकी, कुंड्या मांडलेल्या दिसतात. तिथे एका बाईंकडे तडा गेलेली मोठी कुंडी होती. अर्ध्याहून कमी पैशांत दिली, वर “फोडून घेऊन येऊ नकोस परत” असंही बजावलं. तडा गेलेल्या कुंडीचं खरं तर सोपं असतं. आधी ती रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायची, नाहीतर कोरडी माती सिमेंटमधलं पाणी शोषून घेते आणि सांधा धरत नाही. मग काठाखाली आणि पोटाजवळ तार गुंडाळून पकडीने पीळ द्यायचा, तडा आवळला जातो. आतून सिमेंटचं पातळ लेपण. तार दिसू नये म्हणून मी तिच्यावरून सुंभ गुंडाळलं आणि पोटावर फुटक्या बशांचे तुकडे चिकटवले. जुन्या गोंयकार घरांच्या जमिनींत असे चिनीमातीचे तुकडे बसवलेले असतात, तिथून ती कल्पना उचलली. तळाशी नारळाची सोडणं, वर माती, त्यात आबोली.

बक्षीस बाटलीच्या दिव्याला मिळालं. दिवा विजेवर चालत होता, कुंडी काहीच करत नव्हती. परीक्षकांना तरी काय दोष द्यायचा.

पण डागडुजी मला खरी शिकवली ती कुंडीने नाही, पेडण्याच्या आजीने. माझं आजोळ पेडणे तालुक्यात आहे, मांद्रेच्या बाजूला. हल्ली मोप्याची विमानं वरून जातात आणि मामाच्या वाफ्यांना शॅकवरच्या रिकाम्या बाटल्यांची किनार असते. मान खाली आणि बूड वर करून पुरलेल्या, ऊन पडलं की हिरव्या चमकतात. आजीला ते पसंत नाही. “लोक म्हणतले, सगळ्यो ह्याणेंच पियेल्यो,” असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणते.

अंगणात तिचं तुळशीवृंदावन आहे. चिऱ्याचं, चुन्याने गिलावा केलेलं, आजोबांच्या वडिलांच्या वेळचं. तीन वर्षांपूर्वी तुळशीच्या लग्नाआधी आम्ही गेलो तेव्हा त्याला उभी भेग पडली होती आणि भेगेतून पिंपळाचं रोप डोकावत होतं. मी उत्साहाने कोयती घेतली.

“पिंपळ कापचो न्हय गो बाय!”

आता काय करायचं? पिंपळ ठेवला तर मूळ वाढून वृंदावन दुभंगणार, आणि कापायचा तर नाही. आजीने वाट काढली. भेगेत रोज थोडं थोडं पाणी घालायला लावलं. चौथ्या दिवशी माती सैल झाली, तेव्हा मामाने रोप मुळासकट हलवून हलवून बाहेर काढलं आणि देवळाकडच्या मोकळ्या जागेत लावलं. ते तिथे जगलंय. मग मी भेग सिमेंटने भरली. चांगलं घट्ट, भरपूर सिमेंट घालून. वरून रंग दिला, ऊस, चिंचा, आवळे लावले, लग्न थाटात झालं.

पुढच्या पावसानंतर ते सिमेंट पोपड्यासारखं सुटून खाली पडलं, येताना आपल्याबरोबर जुना गिलावाही घेऊन.

आजी मुळीच रागावली नाही, उलट खूश झाली. जांभा चिरा पाणी पितो आणि सोडतो, चुनाही तसाच. मधोमध सिमेंटची ढाल बसवली की आत शिरलेलं पाणी अडकतं आणि ढालीला ढकलून देतं. दुसऱ्या वर्षी तिच्या देखरेखीखाली एक भाग चुना, तीन भाग रेती असं कालवलं, भेग ओली करून भरली आणि आठ दिवस त्यावर ओलं पोतं टाकून ठेवलं. चुना सावकाश धरतो, त्याला घाई केली तर तो भुकटी होतो. पूर्वी हा चुना शिंपल्या भाजून करत, असं ती सांगत होती, आणि मी पोतं भिजवत होते. यंदाही ती भेग बंद आहे.

हे सगळं शिकूनही मी टायरच्या वेळी चुकलेच.

मे महिन्यात पप्पा शाळेच्या मालकांच्या कुठल्या तरी कामाला दोन दिवस कारवारला गेले. मी आणि धाकट्या भावाने वरचा टायर पडवीत आडवा ओढून बाहेर काढला, खालचा बाहेर काढला, वरचा परत ठेवायला आमच्यात ताकद उरली नाही म्हणून अंगणातच सोडला. का कापला हे मला नीट सांगता येणार नाही. स्पर्धा संपली होती. पण वाटत होतं की या टायरांना वळसा घालत जाणं आता पुरे.

यूट्यूबवर टायर कापणारा माणूस हसत हसत कापतो, कारण त्याचा टायर कारचा असतो. ट्रकच्या टायरचं पोट जाड. आमचा नायलॉनचा जुना होता म्हणून चाकू तरी चालला. साबणाचं पाणी ओतत राहायचं, नाहीतर रबर पातं धरून ठेवतं. आतल्या काठात जाड तार असते, तिच्या वाटेला जायचं नाही. तारेच्या कडेकडेने कापत गेलं की काठाचं कडं वेगळं निघतं. उरलेल्या पोटावर आम्ही खडूने पाकळ्या आखल्या होत्या, त्या कापल्या. व्हिडिओतला माणूस नंतर टायर मोज्यासारखा उलटा करतो. आम्ही दोघांनी तासभर जोर लावला, शेजारच्या काकांनीही लावला, टायर उलटला नाही. मग तसाच ठेवला. धुऊन पिवळा-निळा ऑइल पेंट मारला. दुसऱ्या दिवशी पंधरा घमेली माती गेली त्यात, शेणखत वेगळं. आजीकडून आणलेला मोगरा लावला. शिरगावच्या लईराईच्या जत्रेत मोगऱ्याला काय मान असतो ते डिचोलीकरांना सांगायला नको. म्हापशाची मिलाग्रिस सायबीण ही लईराईची बहीण मानतात, तेव्हा म्हापसेकरांनाही नको.

पप्पा संध्याकाळी आले. गेटातून आत येता येता थांबले. आई दारात, भाऊ आईच्या मागे, मी टायरजवळ. पप्पा वाकले, पाकळीवरून हात फिरवला, रंगाचा हात वासून पाहिला. मग टायरच्या खाली बोट घालून चाचपलं.

“उदक वचपाक बुराक खंय?”

पाणी जायला भोक कुठे आहे? (पोर्तुगीज गेले, बुराक आमच्या तोंडात राहिलं.) आडव्या टायरचा मधला भाग मोकळा असतो म्हणून मला वाटलं, पाणी जाईल आपोआप. पण खालच्या पोटाचा गोल पन्हाळीसारखा असतो, सगळं पाणी तिथे साचतं आणि मुळं कुजतात. त्या रात्री पप्पांनी न्हाणीच्या चुलीत सळी तापवली आणि अंगणात बसून खालच्या बाजूने आठ बुराक पाडले. जळक्या रबराच्या वासाने आई सगळ्यांवर ओरडली. पप्पा दुसरं काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, सुटले.

अंगणात सोडलेला दुसरा टायर मी विसरून गेले. पाऊस सुरू झाला. जुलैत आरोग्य केंद्राच्या ताई तपासणीला आल्या, टॉर्च मारून टायरात पाहिलं आणि मला बोलावून दाखवलं. वळवळणाऱ्या अळ्या. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत तिथून डास उडतात. त्यांनी पाणी ओतायला लावलं आणि म्हणाल्या, हा टायर टाकून द्या, नाहीतर झाकून ठेवा.

पप्पांनी दोन्ही केलं नाही. रविवारी सकाळी स्वतःच चाकू घेऊन बसले. माझ्यासारख्या पाकळ्याबिकळ्या नाहीत. तारेच्या कडेने फक्त आतला काठ गोल कापून काढला, बुराक आधी पाडले, मग माती. रंगाचा डबा मी आणून ठेवला तर तो बाजूला सारला आणि ओल्या फडक्याने टायरची बाजू पुसू लागले. तेव्हा मी पाहिलं. पोटावर, खांद्याजवळ, ट्रकचा नंबर डागलेला होता. रिमोल्डच्या दुकानात टायर बदलले जाऊ नयेत म्हणून तापवलेल्या लोखंडाने नंबर डागतात. दोन्ही टायरांवर होता.

“त्या दुसऱ्याचो नंबर खंय गेलो?” असं त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलंच नाही.

त्यानंतर रविवारचे पप्पा बागेत असतात. नळीला भोक पडलं की मी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळायचे, ती पाण्याच्या जोराने उडायची. त्यांनी भोकाचा भागच कापून टाकला, दोन्ही टोकं गरम पाण्यात मऊ केली, मध्ये पाइपचा तुकडा सरकवून क्लिपा आवळल्या. खोऱ्याचा दांडा हलायला लागला की मी तो पाण्यात भिजत ठेवायचे. लाकूड फुगतं, घट्ट बसतं, वाळलं की पुन्हा हलतं. पप्पा म्हणाले, भिजवणं म्हणजे उधारी, पाचर मार. त्यांच्या टायरात वाल लावलाय. वेल चढायला बांबूचा माटव घातलाय, आणि सुतळीच्या गाठी ट्रकवर ताडपत्री बांधायच्या गाठी आहेत. एका हाताने ओढली की सुटते.

दिवाळीच्या सुट्टीत ते बसच्या कामाला गेले असताना मी थिनर आणि चिंधी घेऊन माझ्या टायरजवळ बसले. रंग सहज निघत नाही, रबराच्या बारीक खाचांत बसलेला असतो. दुपारपर्यंत घासल्यावर एका पाकळीवर ‘जीए’ दिसायला लागलं, शेजारच्या पाकळीवर ‘०४’ आणि पुढच्या अक्षराचा अर्धा भाग. बाकीचे आकडे पाकळ्यांवर नाहीत. मी ते वरच्या काठाबरोबर कापून टाकले होते. संध्याकाळभर ते कडं शोधलं, भंगारात गेलं असणार असं धरून चालले. मग आईला विचारलं.

विहिरीकडचा रांजण डुगडुगत होता, म्हणून मे महिन्यातच पप्पांनी ते त्याच्या बुडाखाली बसवलं होतं.